नववं रीळ, दहावं रीळ

सुरुवातीलाच सांगून टाकते. ज्या माणसाबद्दल मी लिहिणार आहे त्यांच्या लातूरच्या घरात मी चार वर्षं भाड्यानं राहिले. त्यांच्या बायकोच्या हातच्या धपाट्यांवर पोसले. एकदा तापानं फणफणले तेव्हा रिक्षा बोलावून त्यांनीच मला दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांना माझी सगळी लक्षणं माझ्याआधी सांगितली, क्रमवार. तेव्हा माझं हे लिहिणं जरा सांभाळून वाचा.

असं आधी सांगून टाकायची रीत त्यांची. मी फक्त उचलली.

गल्लीत त्यांना सगळे आपरेटर काका म्हणायचे. तरुणपणी ते नांदेडच्या एका टॉकीजात मशीन चालवायचे, म्हणून. टॉकीज बंद पडलं, काका लातूरला आले, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करून रिटायरसुद्धा झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मी त्याच गावात शिकवणीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. सकाळी सहाला निघायचं, दुपारी एकला परत, संध्याकाळी पुन्हा दोन बॅच. मधल्या दुपारी जरा डोळा लागावा एवढीच माझी इच्छा असायची. पण माझ्या खोलीच्या बरोबर खाली काका परीक्षण करत बसलेले असायचे, आणि त्यांच्या टीव्हीतून कुणीतरी किंचाळत असायचं.

परीक्षण म्हणजे पिक्चरच्या डिस्कचं. जे पिक्चर आले तसे चार दिवसांत उतरले, पण ज्यांच्यामागं थोडी माणसं जन्मभर येडी झाली, असे जुने पिक्चर हल्ली लहान लहान कंपन्या शोधून काढतात, झाडून-पुसून डिस्कवर आणतात. काका त्यांना 'येड्यांचे पिक्चर' म्हणायचे. भुताचे, नागिणीचे, दरोडेखोरांचे. एक तर अख्खा एका म्हशीच्या सूडाचा होता. अशी डिस्क मागवायची, बघायची, आणि ती कशी निघाली ते इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहायचं, हा त्यांचा उद्योग. वाचणारे फार नव्हते. पण जे होते ते काकांनी लिहिल्याशिवाय डिस्कला हात लावत नसत. त्यामुळं एखाद्या लहान कंपनीची डिस्क काकांच्या एका ओळीवर चालायची, नाहीतर खोक्यातच राहायची.

पिक्चर चांगला का वाईट, हे मात्र ते कधीच लिहायचे नाहीत. मी चिडायचे. "काका, पण पिक्चर कसा आहे ते सांगा की! लोक त्यासाठीच वाचतात ना?"

"न्हाई म्याडम. पिक्चर कसा हाय ते ज्याचं त्यानं ठरवावं. डब्यात काय हाय तेवढं मी सांगणार. आवाज फाटतोय का, रंग उडालाय का, कुठं कापाकापी केलीय का. किराणा दुकानदार तुम्हाला सांगतो का, ही डाळ तुम्हाला आवडंल म्हणून? त्यानं खडे किती हायेत तेवढं सांगावं."

"दुकानदार खडे कधीच सांगत नाही."

"म्हणून तर मी लिव्हतो," काका म्हणाले.

त्यांची दुपार बघण्यासारखी असायची. खिडक्यांना दोन दोन गोधड्या लावायचे. काकू करवादायच्या, "लोकांच्या गोधड्या उन्हात, आमच्या खिडकीत!" डिस्क एकदा सुरू झाली की शेवटपर्यंत उठायचं नाही. लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात लातूरची लाईट काय असते ते मी सांगायला नको. दरोडेखोरांचा एक पिक्चर त्यांनी नऊ दिवस पाहिला आणि परीक्षणात लिहिलं, 'पहिला अर्धा तास नऊ वेळा बघितला, शेवट एकदाच. त्यामुळे सुरुवातीबद्दलचं माझं मत जास्त पक्कं आहे.' नळाला पाणी यायचं ते आठवड्यानं. आणि नेमकं परीक्षण चालू असतानाच आलं, तर काकू खालून बोंब मारायच्या, "अवो उठा, पाणी आलंय!" काका आतून ओरडायचे, "चाळीस मिंटं राह्यली!" मग कोण? मी. एम.एस्सी. फिजिक्स, पदर खोचून, हातात घागर. त्या परीक्षणाच्या शेवटी माझा उल्लेख होता: 'भाडेकरू म्याडमनी पाणी भरल्यामुळे डिस्क सलग बघता आली.'

एका कंपनीनं एकदा त्यांना फुकट डिस्क पाठवली. सोबत टी-शर्ट, त्यावर भुताचं तोंड. काका दोन दिवस अस्वस्थ. परत पाठवावी तर उद्धटपणा, ठेवावी तर लाच. शेवटी परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत लिहून मोकळे झाले: 'ही डिस्क फुकट आली आहे, तेव्हा मला जरा सांभाळून वाचा. सोबत एक टी-शर्ट आला. तो सध्या फरशी पुसायला वापरात आहे.' त्या कंपनीनं पुन्हा काही पाठवलं नाही. काकांना त्याचं फार बरं वाटलं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. जुन्या पिक्चरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक ठिपका चमकून जातो. आपल्याला दिसतही नाही. तो आपरेटरसाठी असतो, की बाबा, आता दुसरी मशीन चालू कर. डिस्क बघताना तो ठिपका आला रे आला की काकांचा उजवा हात आपोआप वर जायचा आणि ते खुर्चीतून अर्धे उठायचे. मशीन सोडून तीस-पस्तीस वर्षं झालेली! मग त्यांच्या लक्षात यायचं, ते इकडंतिकडं बघायचे आणि परत बसायचे. काकू आणि मी हसू दाबत दुसरीकडं बघायचो.

त्यांचं हस्ताक्षर सुंदर होतं, पण टायपिंग म्हणजे एका बोटानं. म्हणून परीक्षण टाइप करून पानावर टाकायचं काम माझ्याकडं आलं. तिथं मला त्यांचा सगळ्यात कडक कायदा कळला. एकदा त्यांनी लिहिलं होतं की अमुक डिस्कमध्ये सगळी माणसं हिरवट दिसतात. आठवड्यानं कळलं, माणसं ठीक होती. टीव्ही पुसताना काकूंच्या हातून रिमोट दाबला जाऊन रंग बिघडला होता. मी म्हटलं, खाली एक ओळ टाकू, 'दुरुस्ती'. काका भडकलेच.

"एक ओळ? चूक किती ओळींची केली आपण? बावीस! मग माफी बी बावीस ओळींचीच. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. चूक मोठ्यानं करायची अन् माफी कानात सांगायची, ही कोणती इमानदारी?"

बावीस ओळींची माफी लिहिणं किती अवघड असतं बघा एकदा करून. त्यांनी लिहिली. त्यात आठ ओळी काकूंच्या टीव्ही पुसायच्या पद्धतीवर होत्या, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

आता त्या पिक्चरकडं येते.

नांदेडकडच्या माणसाला नुसतं 'विहिरीचा पिक्चर' म्हणा, तो खुर्ची ओढून बसेल. चाळीसेक वर्षांपूर्वीचा भुताचा पिक्चर. सगळीकडं आपटला. फक्त नांदेडला चालला, आणि कसा! धर्माबाद, कंधार, लोह्याहून लोक गाड्या भरून यायचे. माझे वडील धर्माबादहून तीनदा गेले होते. मी लहान असताना ते मला ती गोष्ट सांगायचे: गावातला पोस्टमास्तर आडविहिरीत पडून मरतो. आपल्या डोळ्यांदेखत पडतो. आणि पुढच्याच सीनला तोच पोस्टमास्तर, कोरड्या कपड्यात, नायिकेच्या घरी येऊन बसतो, चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, "साखर कमी आहे." त्यानंतर लोकांना विहिरीच्या काठावर त्याच्या चपला सापडतात. ह्या 'साखर कमी आहे'नं अख्ख्या नांदेडची झोप उडवली होती. आमच्या घरी कुणी चहाला नाव ठेवलं तरी माझी आई म्हणायची, "मेलाबिलास का काय?"

नांदेडला तो पिक्चर दाखवणारे आपरेटर म्हणजे आमचेच काका. त्यांच्या आयुष्यातला तो मानाचा तुरा. कुणी पाहुणा आला की तासाभरात विषय विहिरीवर यायचाच.

तर एक दिवस बातमी आली की कोल्हापूरहून विहिरीच्या पिक्चरची डिस्क निघते आहे. दिग्दर्शक वारले होते. त्यांचा आयुष्यातला हा एकच पिक्चर. त्यांची मुलगी शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेली. त्या ताईंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून मूळ फिल्म काढली, चेन्नईला नेऊन साफ करून घेतली आणि एका लहान कंपनीला गळ घालून डिस्क काढायला लावली. काकांनी ती सगळ्यांच्या आधी मागवली. ज्या दिवशी आली त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. काकूंनी आदल्या दिवशीच सगळं पाणी भरून ठेवलं.

गोधड्या लागल्या. आम्ही तिघं बसलो. एक एक रीळ सरकत होतं, काकांचा हात वर जात होता, खाली येत होता. आठवं रीळ संपत आलं. ठिपका चमकला. काका अर्धे उठले, आणि समोर पोस्टमास्तर येऊन चहा प्यायला लागला.

"आँ?" काका म्हणाले.

पोस्टमास्तर म्हणाला, "साखर कमी आहे." मग उठला, चालत गेला, आणि मग विहिरीत पडला.

"चुकलं!" काका ओरडले. "अरे, दहावं रीळ नवव्याच्या जागी लावलंय! आधी विहीर, मग चहा! मायला, सगळा पिक्चर मारून टाकला!"

मी तर त्यांच्याहून तापले. माझ्या बापाची गोष्ट होती ती! काकांनी त्याच दुपारी लिहून काढलं: डिस्कमध्ये नववं आणि दहावं रीळ उलटसुलट लागलं आहे, मी स्वतः हा पिक्चर शेकडो वेळा दाखवला आहे, मला खात्री आहे. एवढंच. शांतपणे. मी टाइप करायला बसले. आणि त्यांचं मथळ्याचं वाक्य मला फार मिळमिळीत वाटलं. त्यांनी लिहिलं होतं, 'विहिरीच्या पिक्चरच्या डिस्कमध्ये रिळांची अदलाबदल'. मी ते खोडून टाकलं आणि लिहिलं: 'प्रेक्षकांची घोर फसवणूक! ही डिस्क घेऊ नका!' आणि टाकून दिलं पानावर. काकांना विचारलं नाही.

व्हायचं तेच झालं. नांदेडचे लोक तुटून पडले. "बरोबर हाय आपरेटर, आधी विहीर!" देगलूरहून, मुखेडहून, धर्माबादहून, ज्याला त्याला आठवत होतं. सगळा जिल्हा साक्षीला उभा. चार दिवसांत डिस्का परत जायला लागल्या.

मग ताईंचं पत्र आलं. रागाचं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलं होतं, 'आदरणीय काका, सोबत बाबांच्या हस्ताक्षरातल्या पानाचा फोटो जोडते. चहा आधी आहे, विहीर नंतर. मी हे जाहीरपणे सांगितलं तर लोक म्हणतात, मुलगी बापाचीच बाजू घेणार. कंपनी म्हणते, महिनाअखेरपर्यंत लोकांची खात्री पटली नाही तर सगळे खोके परत घेऊन जा. मग बाबांचा पिक्चर पुन्हा माळ्यावर जाईल, आणि ह्या वयात मी तो दुसऱ्यांदा खाली काढू शकणार नाही. तुम्ही एकदा तपासून बघाल का?'

काकांनी ते दोनदा वाचलं. "कागदावर माणूस काय बी लिव्हतो," ते म्हणाले. "शूटिंगच्या टायमाला बदललं असंल. पडद्यावर काय आलं ते मी बघितलंय." पण त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. ताटातला भात तसाच राहिला, हे काकूंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते वर्गात. मोजमापातल्या चुका हा धडा शिकवत होते. दरवर्षीचं माझं ठरलेलं वाक्य आहे: मोजपट्टीच चुकीची असेल, तर एकाच पट्टीनं शंभर जणांनी मोजलं तरी शंभरही जण सारखंच चुकतील. ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. समोर दीडशे पोरं. अगं बाई! धर्माबाद, देगलूर, मुखेड, कंधार... ही सगळी माणसं पिक्चर बघायला गेली होती कुठं? नांदेडला. त्याच एका टॉकीजात. त्याच आपरेटरकडं. माझे वडील धरून.

घरी आल्या आल्या मी पानावर विचारलं, नांदेडच्या बाहेर हा पिक्चर कुणी पाहिलाय का? दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी औशाच्या एका रिटायर कंडक्टरचं उत्तर आलं: 'सोलापुरात बघितला होता. चहा आधी, विहीर नंतर. एकदम भंगार पिक्चर. नांदेडवाले त्याला का डोक्यावर घेतात ते मला आजपर्यंत समजलं नाही.'

ते मी काकांना दाखवलं. ह्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट, आणि तिच्यावर मी बोट ठेवत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "रविवारी नांदेडला जाऊ. केबिनची वही बघू."

केबिनची वही म्हणजे आपरेटरनं लिहायची वही. कोणता पिक्चर आला, कोणतं रीळ कुठं फाटलंय, कुठं जोड दिला. टॉकीज मोडून तिथं आता मंगल कार्यालय झालंय, पण तिथले जुने गेटकीपर मामा मागच्याच गल्लीत राहतात आणि त्यांनी टॉकीजातली कसलीच वस्तू टाकलेली नाही. आम्ही सकाळच्या एस.टी.नं गेलो. मामांनी काकांना मिठी मारली, "आपरेटर, लई वाळलास रे!" म्हणाले आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. त्यात त्यांची बॅटरी, तिकिटांची थोटकं आणि वह्यांची चळत. पाचव्या वहीत पान सापडलं. काकांचंच ते सुंदर अक्षर, बावीस-तेवीस वर्षांच्या वयातलं:

'रीळ नऊ व दहा. सुरुवातीची पट्टी फाटलेली. नंबर नाही. अंदाजाने जोडले.'

काकांनी ते पान उजेडाकडं धरून पुन्हा एकदा वाचलं. मामा भोळेपणानं म्हणाले, "काय झालं रे? मिळालं न्हवं पाह्यजे ते?"

"मिळालं," काका म्हणाले.

परतीच्या गाडीत बसलो. लोहा गेलं, माळाकोळी गेली. मी खिडकीतून बघत बसले होते, स्वतःचा राग येत होता. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, मी दोन चहा आणले. काकांनी एक घोट घेतला, कपाकडं बघितलं, आणि सवयीनं बोलून गेले, "म्याडम, साखर कमी हाय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. काकांच्या शर्टावर चहा सांडला. शेजारच्या बाकावरची बाई पोराला घेऊन लांब जाऊन बसली.

हसू ओसरल्यावर ते बोलायला लागले. "आता समदं आठवलं बगा. पहिल्या खेळाला दीड तास होता. नंबर न्हाईत. मी दोन्ही रिळं बल्बपुढं धरली. एकात चहा पेणारा माणूस, एकात विहिरीत पडणारा. मी म्हणलं, भुताचा पिक्चर हाय, म्हंजे माणूस मेल्यावरच चहाला येणार. मला ते लई आवडलं, म्याडम. इतकं आवडलं की तेच बरोबर वाटलं. परत कुणाला इचारलंच न्हाई. अन् मग इतक्या खेपा दाखवलं की मी जोडलं होतं हेच इसरून गेलो."

मला राहवलं नाही. "काका, तो मथळा मी बदलला होता. 'घोर फसवणूक'. 'घेऊ नका'. तुम्ही नव्हतं लिहिलं तसं."

"मला म्हाईत हाय."

"माहीत आहे? मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी वाचलं मी. वाचून जरा बरंच वाटलं. म्हणून गप बसलो." ते कप ठेवत म्हणाले, "म्हंजे तो बी माझाच झाला."

घरी पोचल्यावर ते हातपाय धुऊन थेट लिहायला बसले. परीक्षण चव्वेचाळीस ओळींचं होतं. माफी चव्वेचाळीस ओळींची. वहीतलं वाक्य जसंच्या तसं. मथळा त्यांनी स्वतः सांगितला, मोठ्या अक्षरात: 'फसवणूक कंपनीची नव्हे, आपरेटरची. ही डिस्क जरूर घ्या.' आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला डिस्क घ्या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आधी ताईंना दाखवू या का? तर म्हणाले, "ज्याच्या मालाबद्दल लिव्हतो त्याला आधी दाखवायचं न्हाई. माफी असली तरी न्हाई." मी माझ्या मथळ्याबद्दल शेवटी एक ओळ घातली, माझ्या नावानं. ती त्यांनी राहू दिली.

टाकलं पानावर. आणि मग लागली काळजी! महिना संपायला सहा दिवस होते. नांदेडचे लोक काय म्हणतील? ज्या माणसाला ते मिठ्या मारतात त्यानं चाळीस वर्षांनी सांगावं, की मी तुम्हाला पिक्चर उलटा दाखवला?

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला; काकू, मी, सगळे जमलो. मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच का हो ते?"

"हाव," काका म्हणाले. "मीच तो. चुकलो, ताई."

"अहो, बाबांना नांदेडहून पत्रं यायची. मेलेला माणूस चहाला येतो ते काय भन्नाट आहे म्हणून. बाबा आईला विचारायचे, असं कुठं केलंय मी? त्यांना वाटायचं लोक टिंगल करतात. मग पत्रं येतच राहिली, तेव्हा म्हणायचे, नांदेडला माझा पिक्चर दुसराच कुणीतरी करतोय, आणि माझ्यापेक्षा बरा करतोय." त्या हसत होत्या का रडत होत्या, कळत नव्हतं. "शेवटपर्यंत त्यांना कोडं पडलं होतं हो. आज सुटलं."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. त्या संध्याकाळच्या दोन्ही बॅच मी लवकर सोडल्या. पोरं घड्याळ बघत राहिली.

नांदेडकर तर अजबच निघाले. कुणी रागावलं नाही. उलट सगळ्यांना बरोबर क्रमाचा पिक्चर बघायची घाई झाली, म्हणजे मग तो किती वाईट आहे हे खात्रीनं सांगता येईल. खोके परत गेले नाहीत. पुढं ताईंनी विचारलं, नव्या डिस्कमध्ये नांदेडचा क्रमही घालू का? काका म्हणाले, "घाला. पण खाली लिव्हा, आपरेटरच्या चुकीनं. अन् एक सांगतो, त्या डिस्कचं परीक्षण माझ्याकडून होणार न्हाई. माझा हात लागलाय त्याला." मी म्हटलं, मग मी करते. "तुम्ही बी न्हाई. तुमचे वडील त्या खुर्चीत बसले होते." शेवटी औशाच्या त्या कंडक्टरला ते काम दिलं. त्यानं दोन्ही क्रमांना शिव्या घातल्या.

मी लातूर सोडलं त्याला आता दोन वर्षं झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला खाली गेले, तर काका आत होते आणि टेबलावर ती केबिनची वही उघडी होती. मामांनी ती त्यांनाच देऊन टाकली होती. 'अंदाजाने जोडले'च्या खाली नव्या शाईत लिहिलेलं होतं, 'खरा क्रम पाहिला. कंपनीचा बरोबर. माझा चूक.' खाली सही. आणि सहीच्याही खाली, समासाला चिकटून, मुंगीएवढ्या अक्षरात: 'पण माझा जास्त चांगला होता.'

काका बाहेर आले, मी वाचलंय हे त्यांना दिसलं. वही मिटून म्हणाले, "ते छापायचं न्हाई बरं का." मी मान डोलावली, पाया पडले आणि निघाले.

हे सगळं लिहून झालं तेव्हा परवा त्यांना फोन केला. म्हटलं, काका, तुमच्यावर लिहिलंय. मी भाड्यानं राहत होते हे सुरुवातीलाच सांगितलंय. चूकही लिहिली आहे, सगळीच्या सगळी. आता ती खालची बारीक ओळ तेवढी छापू का? पलीकडं टीव्हीचा आवाज होता, तो थांबला. परीक्षण मध्येच थांबवलं त्यांनी, म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून.

"छापा," ते म्हणाले. "पण बारीक नगा छापू. चूक जेवढ्या अक्षरात छापली, तेवढ्याच अक्षरात."